सिम्युलेशनबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात सीएईमध्ये काम करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तू वाकवणं, तापवणं, आपटणं वगैरे. भोसरी-चाकणचे वर्कशॉपवाले, इंजिनिअरिंगची पोरं, त्या पोरांचे आईवडील आणि सोसायटीतले एक-दोन काका, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, आता लिंक पाठवायला मोकळा.

सिम्युलेशन म्हणजे ते लाल-निळं चित्र ना?

चित्र शेवटी येतं हो. त्याच्या आधी काय होतं ते बघा. वस्तूवर जोर आला की ती किती वाकेल, उष्णता कुठून कुठे जाईल, हवा कशी वाहील याची समीकरणं फिजिक्सवाल्यांनी कधीच लिहून ठेवलीत. अडचण एवढीच की सरळसोट पट्टी किंवा गोल पाईप असेल तर ती कागदावर सुटतात, पण गिअरबॉक्सचं केसिंग किंवा मोटरसायकलची चेसिस घेतली की कागद हात टेकतो. मग वस्तूचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यापुरतं सोपं गणित मांडायचं आणि सगळे तुकडे कोपऱ्यांना जोडून लाखो समीकरणं एकदम सोडवायची. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं समजा, ठिपके जवळजवळ असतील तर वळण नीट येतं, लांब असतील तर मोराची मान काटकोनात वळते. या ठिपक्यांच्या जाळ्याला मेश म्हणतात.

ही पद्धत, म्हणजे फायनाइट एलिमेंट, तशी जुनी आहे. कुरांट नावाच्या गणितज्ञाने १९४३ मध्ये तिचं मूळ मांडलं, १९५६ मध्ये बोइंगचे टर्नर आणि बर्कलीचे क्लफ वगैरे मंडळींनी विमानाच्या पंखाचा कडकपणा काढायला ती वापरली आणि १९६० मध्ये क्लफनी तिला हे नाव दिलं. म्हणजे रंगीत स्क्रीन यायच्या कितीतरी आधी लोक आकड्यांचे गठ्ठे वाचून हेच काम करत होते, आणि खरं सांगू का, आकडे वाचणारा माणूस चित्र बघणाऱ्यापेक्षा जास्त सावध असायचा.

एफईए, सीएफडी, एमबीडी, एमडी… हे सगळं एकच का?

नाही. एफईए म्हणजे वरची फायनाइट एलिमेंट, घन वस्तूंसाठी, सीएफडी हवा-पाण्यासाठी, एमबीडी म्हणजे सस्पेन्शनसारखे हलणारे सांधे, एमडी म्हणजे अणू-रेणू. गणित वेगवेगळं, भानगडी साधारण त्याच.

सगळं कॉम्प्युटरवर होतं तर मग गाड्या खऱ्या कशाला आपटतात?

कारण मॉडेलमध्ये आपण जे घातलं तेवढंच त्याला माहीत असतं. स्पॉट वेल्ड नीट बसला नाही, पत्रा दाबताना कोपऱ्यात पातळ झाला, प्लॅस्टिकचा क्लिप थंडीत कडक झाला, यातलं काहीही तुम्ही सांगितल्याशिवाय मॉडेल मनाने घालत नाही. आणि नियमही तसे आहेत. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी आपली योजना, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, त्यात समोरून आपटायची टेस्ट ताशी ६४ किलोमीटरला होते, अडथळ्यावर गाडीचा ४० टक्केच भाग आदळतो, आणि स्टार मिळतात ते या खऱ्या टेस्टवर, तुमच्या अॅनिमेशनवर नाही. पुणेकर जिला एआरएआय टेकडी म्हणतात आणि सकाळी फिरायला जातात, ती ज्या संस्थेच्या नावाने ओळखली जाते त्या एआरएआयचं कामच हे, गाड्या तपासून त्यांना सर्टिफिकेट द्यायचं.

मग सिम्युलेशनचा फायदा काय? खरी गाडी आपटायच्या आधी शेकडो वेळा कॉम्प्युटरवर आपटून झालेली असते. कुठला पत्रा जाड करायचा, कुठे बीड, म्हणजे पत्र्यात दाबलेली खोबण, टाकायची हे सगळं तिथेच ठरतं, प्रोटोटाइप आपटायचा तो ठरलेलं पक्कं करायला. टेस्टनंतर दोन्हीचे ग्राफ एकावर एक ठेवून बघतात, त्याला आमच्याकडे कोरिलेशन म्हणतात, आणि नोकरीतले सगळ्यात मोठे वाद त्याच मीटिंगमध्ये होतात. टेस्टवाला म्हणतो तुमचं मॉडेल चुकलं, सीएईवाला म्हणतो तुमचा सेन्सर सैल होता. कधी कधी दोघंही बरोबर असतात.

क्रॅशचं एक रन व्हायला रात्रभर का लागतो? टक्कर तर क्षणात होते.

टक्कर साधारण १०० मिलिसेकंदांची. पण सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, वेळेचे फार छोटे टप्पे घेतो. धक्क्याची लाट एका टप्प्यात मेशचा एक तुकडा ओलांडून पुढे जाता कामा नये, ही अट. स्टीलमध्ये आवाज सेकंदाला साधारण ५००० मीटर जातो, तुकडा ५ मिलिमीटरचा, म्हणजे टप्पा आला एक मायक्रोसेकंदाचा. १०० मिलिसेकंदांसाठी एक लाख टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात गाडीच्या लाखो तुकड्यांचा हिशेब. आता कोणी उत्साही ज्युनियरने एका ब्रॅकेटवर अर्ध्या मिलिमीटरचा एक चुकार तुकडा ठेवला तर पूर्ण गाडीचा टप्पा दहापट लहान होतो आणि रात्रीचा रन आठवडा खातो. मास स्केलिंग म्हणजे त्या तुकड्याचं वजन खोटं वाढवून टप्पा मोठा ठेवायची युक्ती आहे, सगळे वापरतात, फक्त एकूण किती वजन वाढलं ते शेवटी बघायचं असतं आणि नेमकं तेच बघायचं राहतं.

आलेलं उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न विचारणारे कमी भेटतात म्हणून याचं उत्तर लांब देतो.

पहिलं, कागद-पेन. एक पट्टी घ्या, एक टोक भिंतीत पक्कं, लांबी ५०० मिमी, रुंदी २०, जाडी १०, मोकळ्या टोकाला १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचं वजन. कॉलेजात शिकलेलं सूत्र आठवा, लोड गुणिले लांबीचा घन भागिले तीन ई आय (ई म्हणजे मटेरियलचा कडकपणा, आय म्हणजे पट्टीच्या छेदाच्या आकारातून येणारा आकडा). आय येतो १६६७ च्या आसपास, स्टीलचा ई २,१०,००० मेगापास्कल, टोक खाली येणार ११.९ मिमी. भिंतीपाशी स्ट्रेस, म्हणजे आतला ताण, येणार १५० मेगापास्कल. आता हीच पट्टी सॉफ्टवेअरमध्ये करा. ११.९ च्या आसपास आलं तर ठीक, आणि जर त्याच्या निम्म्याच्या जवळपास आलं तर बहुतेक तुम्ही जाडीत एकच तुकडा टाकून साधे टेट्रा, म्हणजे चार टोकांचे पिरॅमिडसारखे तुकडे, वापरलेत. चार नोडचा (नोड म्हणजे मेशचा ठिपका) टेट्रा वाकताना फार अडून बसतो, खऱ्या वस्तूपेक्षा कडक वागतो. मधल्या नोडचे, म्हणजे दहा नोडचे टेट्रा घ्या, तोच मेश एकदम शहाण्यासारखं वागायला लागतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक फ्रेशरला आधी ही पट्टी करायला लावतो, पोरं वैतागतात, “सर आम्ही इंजिन ब्लॉक केलाय प्रोजेक्टला” वगैरे सांगतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला आकडा ११.९ येत नाही.

दुसरं, रिअॅक्शन फोर्स. जेवढा लोड घातला तेवढाच सपोर्टवर परत मिळायला हवा. १०० न्यूटन घातले आणि खाली ८३ मिळाले तर बाकीचे १७ कुठेतरी भलतीकडे टेकलेत, ते शोधा, कलर प्लॉट नंतर बघा.

तिसरं, युनिट. सॉफ्टवेअरला मिलिमीटर, किलो काही कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. आमच्याकडे मिलिमीटर-टन-सेकंद चालतं, त्यात स्टीलची घनता भरायची ती ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात. सवयीने उणे सहावा घात टाकला की घनता हजारपट होते, आणि नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे वस्तू स्वतःहून सेकंदाला किती वेळा कंपते तो आकडा, हजारच्या वर्गमुळाने, म्हणजे ३१-३२ पटीने कमी येते. स्टॅटिक, म्हणजे स्थिर लोडच्या, रनमध्ये हे कळतच नाही, कारण तिथे वजन बहुतेक वेळा हिशेबात नसतं, आणि मग दोन महिन्यांनी कोणीतरी तीच फाईल फ्रिक्वेन्सी काढायच्या मोडल अॅनालिसिसला उचलतो आणि गोंधळ.

चौथं, विकृत आकार खऱ्या स्केलला बघा. सॉफ्टवेअर आपोआप वाकणं शंभर-दोनशेपट फुगवून दाखवतं, त्यात सगळंच नाट्यमय दिसतं.

मेश जितका बारीक तितकं उत्तर अचूक, बरोबर?

बहुतेक ठिकाणी हो. आतल्या टोकदार कोपऱ्यात अजिबात नाही. एल आकाराच्या ब्रॅकेटचा आतला काटकोन, त्यात फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, नाही असं धरा. मेशचा साईज निम्मा केला की तिथला स्ट्रेस साधारण १.३७ पट होतो. पुन्हा निम्मा केला की पुन्हा तेवढाच वाढतो. २०० चे २७५, २७५ चे ३७५, आणि हे थांबतच नाही, कारण गणितानुसार त्या बिंदूवर स्ट्रेस अनंत आहे. तिथे कुठलाही आकडा ‘खरा’ नाही. खऱ्या ब्रॅकेटला तिथे काहीतरी रेडियस असतोच, तो मॉडेलमध्ये घाला, किंवा त्या बिंदूपासून थोडं लांबचं रीडिंग घ्या. कस्टमरला मात्र हे पटवणं महाकठीण असतं, कारण त्याला त्याच्या एक्सेल शीटमध्ये एकच मॅक्सिमम आकडा हवा असतो.

लाल दिसलं म्हणजे तुटणार ना?

लाल म्हणजे या चित्रातला सगळ्यात मोठा आकडा, बस. तो ४ मेगापास्कलचा पण असू शकतो. आधी बाजूची रंगांची पट्टी वाचा.

आमचा ब्रॅकेट सिम्युलेशनमध्ये पास झाला होता, तरी महिन्याभरात तुटला. आता?

हा प्रश्न भोसरीच्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याने विचारला होता, आणि तुटलेला ब्रॅकेट टेबलावर ठेवूनच विचारला. जनसेटवर, म्हणजे जनरेटर सेटवर, बसणारा, ६ मिमी पत्र्याचा, कोपऱ्यात वेल्ड. रिपोर्ट दुसऱ्या कोणीतरी करून दिलेला, तोही छान होता, वजनाच्या तिप्पट लोड घालून स्ट्रेस ४०-४५ मेगापास्कल, मटेरियलची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागायची मर्यादा, २५०, म्हणजे पाच-सहापट सेफ. मग तुटला कसा?

तुटलेली जागा बघितली तर भेग वेल्डच्या कडेलगत सुरू झालेली, आणि तुटलेल्या पृष्ठभागावर समुद्राच्या वाळूवर लाटांचे वळ उमटावेत तसे वळ स्पष्ट, म्हणजे फटीग, पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धक्क्यांनी हळूहळू वाढलेली भेग. एकदाच जोर येऊन तुटलेलं नव्हतं. आता जनसेट फिरतो १५०० आरपीएमला, म्हणजे सेकंदाला २५ फेरे. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन, दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ५० हर्ट्झचा धक्का सतत. ब्रॅकेटची स्वतःची पहिली फ्रिक्वेन्सी रिपोर्टमध्ये कुठेच काढलेली नव्हती, ती काढली तर पन्नाशीच्या अगदी शेजारी. मग तिप्पट लोडच्या गप्पा संपल्या, रेझोनन्समध्ये, म्हणजे धक्क्याची आणि वस्तूची फ्रिक्वेन्सी जुळली की, हलणं त्याच्या कितीतरी पुढे जातं.

वर आणखी एक गोष्ट होती. मूळ मॉडेलमध्ये बोल्टच्या भोकांच्या कडा सहाच्या सहा दिशांना पक्क्या केलेल्या, जणू ब्रॅकेट डोंगरात ओतलाय. खरं तर तो बसला होता एका पातळ बेसफ्रेमवर, जी स्वतःच हलते. बेसफ्रेमसकट मॉडेल केलं नसतं तर फ्रिक्वेन्सी ८० च्या वर आली असती आणि सगळे पुन्हा निर्धास्त झाले असते. आणि वेल्डबद्दल एक सांगून ठेवतो कारण हा गैरसमज एमआयडीसीत फार आहे, जास्त ताकदीचं स्टील वापरलं म्हणून वेल्डचं फटीग आयुष्य वाढत नाही. वेल्डच्या कडेला बारीक खाचा आणि आतले ताण असतात, भेग तिथूनच निघते, पत्रा २५० चा असो की ४५० चा. उपाय शेवटी साधा निघाला, एक तिरकी रिब दिली आणि वेल्ड कोपऱ्यातून बाजूला सरकवला, फ्रिक्वेन्सी वर गेली.

सिम्युलेशन चुकल्यामुळे मोठं काही कोसळलंय का कधी?

हो, आणि ही गोष्ट प्रत्येक सीएईवाल्याला माहीत असायला हवी. नॉर्वेमध्ये स्लाइप्नर ए नावाचा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म, त्याचा पाया म्हणजे काँक्रीटच्या २४ प्रचंड पोकळ खणांचा. २३ ऑगस्ट १९९१ ला स्टॅव्हेंजरजवळच्या फ्योर्डमध्ये तो पाण्यात खाली उतरवून बघत होते, एक भिंत फुटली, पाणी आत आलं आणि सगळं तळाला जाऊन चक्काचूर. माणसं वाचली, नुकसान झालं साधारण ७० कोटी डॉलरचं.

चौकशीत निघालं काय, तर खण जिथे एकमेकांना मिळतात त्या तिकोनी सांध्यात मेश फार जाडाभरडा होता, तिथला शिअर स्ट्रेस, म्हणजे कातरणारा ताण, सॉफ्टवेअरने ४७ टक्के कमी दाखवला होता, त्यानुसार भिंत पातळ आणि सळया कमी. अपघातानंतर नीट मेश करून पुन्हा गणित केलं तर उत्तर आलं की हे ६२ मीटर खोलीवर फुटायला हवं. प्रत्यक्षात फुटलं ६५ मीटरवर. म्हणजे पद्धतीत काही खोट नव्हती, तीच पद्धत नीट वापरली तर तीन मीटरच्या फरकाने सांगत होती. सॉफ्टवेअर नामांकित होतं, मशीन चांगलं होतं, माणसं अनुभवी होती. सांध्याचा एक हिशेब कोणी हाताने करून बघितला असता तर ४७ टक्क्यांचा फरक लपला नसता.

सीएफडीवर कितपत विश्वास ठेवायचा?

एफईएपेक्षा जरा हात राखून. हवा-पाण्याची नेव्हिए-स्टोक्स समीकरणं एकोणिसाव्या शतकातली आहेत, ती नेहमी नीट सुटतातच का हे गणिताने अजून सिद्ध झालेलं नाही, त्यावर २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलेलं आहे. पण आपला रोजचा त्रास तो नाही, आपला त्रास म्हणजे टर्ब्युलन्स, भोवऱ्यांचा गोंधळ. ताशी १०८ किलोमीटरने जाणाऱ्या चार मीटरच्या गाडीचा रेनॉल्ड्स नंबर (जितका मोठा तितके भोवरे जास्त) येतो ८० लाख. हवेतला प्रत्येक भोवरा पकडायचा म्हटलं तर मोटामोटी एकावर पंधरा शून्यं एवढे तुकडे लागतील. ते कोणाला परवडणार? म्हणून भोवऱ्यांची सरासरी धरणारी मॉडेलं वापरतात, के-एप्सिलॉन, के-ओमेगा एसएसटी वगैरे. ही अंदाजावर बेतलेली आहेत, काही ठिकाणी मस्त चालतात आणि जिथे हवा पृष्ठभाग सोडून सुटते, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेपाशी, तिथे के-एप्सिलॉन हमखास गंडतं. एसएसटी त्यातल्या त्यात बरं, पण त्याला भिंतीलगतचा पहिला थर फार पातळ लागतो, वाय-प्लस, म्हणजे त्या थराच्या जाडीचं माप, एकच्या आसपास. वॉल फंक्शन, म्हणजे भिंतीलगतचा प्रवाह सूत्राने धरायची सोय, वापरत असाल तर ३० ते ३००. या दोन्हीच्या मध्ये अडकलेला मेश म्हणजे ना घर का ना घाट का.

माझं मत विचाराल तर सीएफडी ‘हे डिझाइन चांगलं की ते’ याचं उत्तर छान देतं. ‘नक्की किती’ विचारलं की टेस्टचा एखादा तरी आकडा मागायचा.

खडकवासल्याला अजून एवढी मोठी धरणांची मॉडेलं बांधतात, कॉम्प्युटर असताना?

बांधतात, आणि बांधायला हवीत. सीडब्ल्यूपीआरएस ही खडकवासल्याची जलसंशोधन संस्था १९१६ पासूनची आहे, तिथे नदी, बंदर, सांडवा यांची लहान प्रतिकृती करून खरं पाणी सोडतात आणि सोबत गणिती मॉडेलही चालवतात. पाणी सांडव्यावरून आपटतं, हवा मिसळते, खाली वाळू उकरली जाते, हे सगळं एकत्र कॉम्प्युटरवर अजूनही अवघड. उलट शंभर किलोमीटर नदीत पुराची लाट किती तासांनी कुठे पोचेल हे कॉम्प्युटरवर सोपं. त्यातही नदीचा खरखरीतपणा म्हणून एक आकडा भरावा लागतो, मॅनिंगचा एन. ०.०३ ऐवजी ०.०४ धरलात तर त्याच पातळीला पाण्याचा वेग २५ टक्क्यांनी कमी येतो, म्हणजे तेवढंच पाणी जायला पातळी वर चढते. काठावर राडारोडा टाकला, झुडपं माजली की हाच आकडा बदलतो. नदीकाठच्या सोसायट्यांना पूररेषेचा नकाशा दाखवताना हा एन कोणता धरला हे विचारायला हरकत नाही.

मी फिजिक्सला आहे, एमएस्सी. आमच्यात सिम्युलेशनला दुय्यम समजतात, खरं आहे का?

जे समजतात त्यांना दोन गोष्टी सांग. एक, फर्मी, पास्ता, उलाम आणि मेरी सिंगू यांनी लॉस अॅलामॉसच्या मॅनिअॅक कॉम्प्युटरवर स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी हलवून बघितली, रिपोर्ट आला १९५५ मध्ये. सगळ्यांची अपेक्षा होती की ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनांत वाटली जाईल. ती वाटली गेली नाही, फिरून जवळपास मूळ जागी परत आली. कुठल्याही प्रयोगशाळेत न दिसलेली गोष्ट कॉम्प्युटरवर दिसली आणि त्यातून पुढे सॉलिटॉनचा, म्हणजे आकार न बदलता पुढे जाणाऱ्या लाटेचा, अभ्यास उभा राहिला.

दुसरी गोष्ट आपल्या माणसाची. अनीसूर रहमान, जन्म हैदराबादचा. १९६४ मध्ये अमेरिकेत अर्गॉन लॅबमध्ये त्यांनी द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू कॉम्प्युटरवर हलवले आणि निघालेले आकडे खऱ्या द्रवाशी जुळले. आज पाषाणला एनसीएल किंवा आयसर या संशोधन संस्थांमध्ये पॉलिमर, प्रोटीनचं एमडी करणारी जी पोरं आहेत त्यांचं घराणं तिथून सुरू होतं. आज कोटभर अणू चालवता येतात, पण टप्पा अजून फेमटोसेकंदाच्या घरातलाच, म्हणजे एक मायक्रोसेकंद बघायला अब्जभर टप्पे. त्यामुळे ‘प्रोटीन कसं घडी घेतं ते रन करून बघतो’ असं गाईडला म्हणण्याआधी जरा गुणाकार करून बघ.

मॉन्टे कार्लो, म्हणजे नशिबाचे डाव पुन्हा पुन्हा टाकून उत्तर मोजायची पद्धत, पण याच काळातली. १९४६ मध्ये उलाम आजारपणातून उठत होते, पत्त्यांचा सॉलिटेअर खेळताना त्यांना वाटलं की जिंकायची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजावी. पुढे फॉन नॉयमनबरोबर त्याचं न्यूट्रॉनसाठी तंत्र झालं.

पाषाणला एवढा सुपरकॉम्प्युटर आहे तरी पावसाचा अंदाज चुकतो कसा?

काकांचा आवडता प्रश्न. हवेची समीकरणं तीच, पण सुरुवातीची स्थिती कधीच पूर्ण माहीत नसते, आणि १९६३ मध्ये लॉरेन्झनी दाखवलं तसं सुरुवातीचा बारीकसा फरक काही दिवसांत सगळं चित्र बदलतो. रिचर्डसन नावाच्या माणसाने २० मे १९१० चा सहा तासांचा अंदाज हाताने आकडेमोड करून काढला होता, १९२२ मध्ये छापला, हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. पद्धत बरोबर होती, सुरुवातीचे आकडे आपापसात जुळणारे नव्हते.

आयआयटीएमला, म्हणजे पाषाणच्या हवामान संस्थेत, २०१८ मध्ये प्रत्यूष नावाचा सुपरकॉम्प्युटर आला, ४ पेटाफ्लॉपचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढे हिशेब), २०२४ मध्ये अर्का आला, साधारण पावणेबारा पेटाफ्लॉपचा, आणि २०२५ पासून ६ किलोमीटरच्या जाळ्यावर अंदाज निघतो, आधी १२ होतं. पण सहा किलोमीटरच्या एका चौकोनात डेक्कन, कोथरूड आणि कर्वेनगर सगळं मावतं. कोथरूडला धो धो आणि डेक्कनला कोरडं हे पुण्यात दर जूनला होतं, ते एका चौकोनात कसं दिसणार?

मग मला घरी सुपरकॉम्प्युटर लागेल का?

छे. शिकायला १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. रॅम कमी पडली की सॉल्व्हर डिस्कवर लिहायला लागतो आणि तासाचं काम दिवसावर जातं, तेवढं लक्षात ठेवा. मोठ्या मशीनचा पुण्याला इतिहास मात्र झकास आहे, सीडॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० इथेच केला, आणि नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत पुण्याचा एका चौथ्या नंबरवर होता. एका हे मशीनचं नाव आहे, संस्कृतातलं.

फुकट सॉफ्टवेअर आहे का काही? लायसन्सची किंमत ऐकून घाम फुटला.

आहे की. एफईएसाठी कॅल्क्युलिक्स आणि कोड अॅस्टर, फ्रीकॅडमधून कॅल्क्युलिक्स थेट चालतं. सीएफडीसाठी ओपनफोम, जे २००४ पासून ओपन सोर्स आहे, त्याचे आयआयटी बॉम्बेच्या फॉसीवाल्यांचे स्पोकन ट्युटोरियल फुकट मिळतात. मेशला जीमेश, चित्रांना पॅराव्ह्यू, अणूंना लॅम्प्स आणि ग्रोमॅक्स. बटणं कमी आणि टायपिंग जास्त, पण त्यामुळे आपण काय भरतोय ते वाचावं तरी लागतं. मोठ्या कंपन्यांची स्टुडंट व्हर्जनही असतात, नोडची मर्यादा असते, शिकण्यापुरती चालतात. क्रॅक व्हर्जन वापरून कस्टमरचं काम करू नका, नोटीस आल्यावर माझा नंबर देऊ नका.

क्लास लावू का? मुलगा मेकॅनिकलला आहे, नोकरी लागेल का यात?

क्लासमध्ये बटणं शिकवतात, आणि बटणं दोन महिन्यांत येतात. पुण्यात ऑटोवाले आणि त्यांची कामं करणारी सर्व्हिस ऑफिसं भरपूर, त्यामुळे मेशिंगच्या जागा निघत राहतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं दिवसभर मेशच मारावा लागतो, वॉर्पेज, जेकोबियन, ट्राय किती टक्के, ही मेशच्या दर्जाची मापं, हेच. तिथेच अडकून राहिलेले लोक मी खूप बघितलेत. त्यातून वर जातात ते कोण, तर ज्यांना एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) आणि व्हायब्रेशन येतं, जे शॉप फ्लोअरवर जाऊन पार्ट हातात घेऊन बघतात. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साईटवर, फायनाइट एलिमेंटचे चांगले कोर्स फुकट आहेत, आधी तो एक पूर्ण करू द्या, मग पैसे भरायचे का ते ठरवा. आणि इंटरव्ह्यूला मी तरी वरची पट्टीच विचारतो.

एआय आल्यावर हे सगळं जाणार ना?

मेश मारणं बरंच जाईल, खरं तर चाललंच आहे. हजार जुन्या रनवर शिकवलेलं मॉडेल नवीन डिझाइनचं उत्तर सेकंदात देतं, जोपर्यंत नवीन डिझाइन जुन्यांसारखं आहे तोपर्यंत. पण बेसफ्रेम हलते की नाही हे भोसरीला जाऊन कोणीतरी बघावंच लागेल.

माझं छोटं युनिट आहे, पार्टचं सिम्युलेशन करून घ्यायचंय. काय काय द्यावं लागेल?

स्टेप फाईल, म्हणजे पार्टचं थ्रीडी मॉडेल, आणि तीही प्रत्यक्षात बनतोय त्या रिव्हिजनची, मेलमध्ये सापडली ती नाही. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट. बोल्ट किती, कुठल्या ग्रेडचे, किती टॉर्कने आवळता. पार्ट कशावर बसतो त्याचा फोटो, बाजूच्या भागांसकट. लोड कुठून आला, मोजलाय की अंदाज आहे हे स्पष्ट सांगा, अंदाज असेल तर अंदाजच म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, दोन-तीन वेगवेगळे लोड घालून बघता येतं. मशीन फिरतं का, किती आरपीएमला, दिवसाचे किती तास. पार्ट आधी कधी तुटला असेल तर तो तुकडा, आणि कृपा करून तो घासून-पुसून, ऑइल पेंट मारून आणू नका, तुटलेले दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर न घासता कोरड्या कागदात गुंडाळून आणा. आणि ‘सेफ आहे असा रिपोर्ट बनवून द्या’ असं म्हणणार असाल तर तुम्हाला सीएईवाला नकोय, झेरॉक्सवाला हवाय, तो कुठल्याही चौकात मिळेल.